गाजलेल्या सालांआधीची गप्प वर्षे

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीत साठी ओलांडलेल्या माणसाला १९८१ सालाबद्दल विचारले, की तो पुणे-बेंगळूर महामार्गाकडे हात करून बोलू लागतो. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून त्या वर्षी मार्चच्या मध्यापासून हजारो शेतकरी याच रस्त्यावर ठाण मांडून बसले होते, शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्यांचे नेतृत्व करीत होते, बसण्याच्या जागेला आंदोलननगर असे नाव पडले होते आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात दहाहून अधिक शेतकरी मारले गेले, हे सारे तो न अडखळता सांगतो. मग त्याला १९७४ साली निपाणीत काय घडले ते विचारावे. तो क्षणभर आठवू लागतो आणि म्हणतो, “तसं काही नाही. तंबाखू होती, वखारी होत्या, चाललं होतं.”

हे “चाललं होतं” म्हणजे नेमके काय चालले होते, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे. सामाजिक बदलाचा इतिहास आपण मोर्चे, गोळीबार, निवडणुका आणि कायदे यांच्या तारखांनी लक्षात ठेवतो. त्या तारखांच्या आधीची आठ-दहा वर्षे मात्र पुस्तकात एका ओळीत उरकली जातात. ज्या माणसांनी रस्ता अडवला ती एका रात्रीत धीट झाली नव्हती, आणि त्यांचे दुःखही त्याच वर्षी जन्मलेले नव्हते. तंबाखूचा शेतकरी त्याच्या आधी कित्येक वर्षे तितकाच नाडला जात होता. मग तो १९७१ मध्ये का उठला नाही आणि १९८१ मध्ये का उठला, हा खरा प्रश्न आहे. केवळ हालअपेष्टा मोजून त्याचे उत्तर मिळत नाही.

आधी “शांत” या शब्दाचा अर्थ नीट ठरवायला हवा. एखादे दशक शांत होते असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा ते वर्तमानपत्रात शांत होते इतकाच त्याचा अर्थ असतो. आमच्या सीमाभागात तर ही गफलत फार सहज होते. १७ जानेवारी १९५६ चे हुतात्मे, १९६७ मधला महाजन आयोगाचा अहवाल, जून १९८६ मधले कन्नडसक्तीविरोधी आंदोलन, अशा सीमाप्रश्नाच्या खुणांनीच इथला मराठी माणूस आपला काळ मोजतो. त्या लढ्याचे मोल कमी लेखण्याचा इथे हेतू नाही. या लेखकाच्या घरातही साल सांगताना याच खुणा वापरल्या जातात. परंतु एका प्रश्नाचा आवाज इतका मोठा असला, की त्याच गावातल्या इतर हालचाली ऐकू येत नाहीत. सीमाप्रश्नाच्या मोजपट्टीने सत्तरचे दशक दोन लाटांमधली ओहोटी ठरते. विडी वळणाऱ्या बाईच्या, कुळाच्या किंवा कालव्याखालच्या शेतकऱ्याच्या मोजपट्टीने पाहिले, तर त्याच दशकात बरेच काही सरकत होते.

अभ्यासकांना या गोष्टीची सर्वांत जास्त चर्चा करायला लावली ती अमेरिकेच्या १९५० च्या दशकाने, म्हणून ते उदाहरण थोडक्यात पाहू. महायुद्ध संपलेले, नोकऱ्या भरपूर, शहरांबाहेर नव्या घरांच्या वसाहती आणि घरोघरी दूरचित्रवाणी, असे त्या दशकाचे सुखवस्तू चित्र रंगवले जाते. १९५० मध्ये सुमारे दहांपैकी एका घरात असलेला दूरचित्रवाणी संच १९६० पर्यंत दहांपैकी जवळजवळ नऊ घरांत पोहोचला होता. पुढच्या दशकात कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे लढे, विद्यार्थ्यांची आंदोलने आणि स्त्रीमुक्तीची चळवळ यांनी तो देश ढवळून निघाला, तेव्हा हे वादळ आले कोठून असे अनेकांना वाटले. पण रोझा पार्क्स यांची गोष्ट बारकाईने पाहिली तर उत्तर त्याच शांत वर्षांत सापडते. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरी शहरात त्यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. दमलेल्या शिंपिणीचा तो एकाएकी झालेला उद्रेक होता, अशी कथा लोकप्रिय झाली. वास्तविक त्या १९४३ पासून हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या आणि १९५५ च्याच उन्हाळ्यात त्यांनी चळवळीचे प्रशिक्षण घेतले होते. शहरातील कृष्णवर्णीय महिलांची एक संघटना १९४६ पासून कार्यरत होती, आणि अटकेची बातमी येताच त्याच संघटनेने रातोरात हजारो पत्रके छापून वाटली. पुढे ३८१ दिवस लोकांनी बसवर बहिष्कार घातला. पत्रके कोणी छापायची, ती कोणी वाटायची आणि कोणाच्या गाडीतून कोणाला कामावर पोहोचवायचे, हे ठरवणारी माणसे एकमेकांना आधीपासून ओळखत होती.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण महाडचे आहे, आणि त्याचा एक धागा निपाणीतून जातो. २० मार्च १९२७ ही चवदार तळ्याची तारीख सर्वांना पाठ असते. त्याआधी मार्च १९२० मध्ये कोल्हापूरजवळच्या माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली होती. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, १९२५ च्या आरंभी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये निपाणीत डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. यांपैकी एकाही घटनेला महाडची झळाळी नाही. ठराव झाला, सभा स्थापन झाली, वसतिगृह निघाले, परिषद भरली, अशी ही क्रियापदेसुद्धा रुक्ष आहेत. पण तळ्यावर जाणाऱ्या माणसाच्या मागे कायदेमंडळाचा ठराव होता आणि सोबतीला परिषदांमधून ओळखी झालेली माणसे होती.

तंबाखूच्या गावात अशा वेळी मुरण्याची उपमा सुचणे साहजिक आहे. कापलेली तंबाखू सुकते, ढिगात मुरते आणि मग तिला वास येतो, तसाच समाजही मुरतो, असे म्हणावेसे वाटते. ही उपमा फसवी आहे. तंबाखू ढिगात ठेवली की आपसूक मुरते, समाज आपसूक मुरत नाही. शांत दशकात कोणीतरी रजिस्टर भरीत असते, कोणीतरी बैठकीला सतरंजी अंथरीत असते, कोणीतरी न्यायालयात तारखांवर तारखा घेत असते. हे काम कोणी केलेच नाही, तर दहा काय, पन्नास वर्षेही नुसती निघून जातात. त्याचे एक कटू उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे, त्याकडे पुढे येऊ.

आता निपाणीच्या सत्तरच्या दशकाकडे वळू. विडी वळणाऱ्या बाईपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. ती घरी बसून काम करते, पाने आणि तंबाखू मोजून घेते, हजार विड्यांमागे मजुरी मिळते आणि वाईट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कापले जातात. ती घरी बसते म्हणून ती कामगारच नव्हे, असे म्हणण्याची मालकांना सोय होती. १९६६ मध्ये केंद्राने विडी आणि सिगार कामगारांचा कायदा केला आणि त्यात घरी काम करणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले. कायदा झाला म्हणून उंबरठ्याच्या आत काही बदलले नाही. विडी कारखानदार न्यायालयात गेले, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. १९७६ मध्ये विडी कामगारांच्या कल्याणनिधीचा कायदा आला आणि १९७७ मध्ये भविष्यनिर्वाह निधीची योजना या धंद्याला लागू झाली. ही चारही साले कोणत्याही विडी कामगार स्त्रीच्या आठवणीत नसतील. त्या वर्षांत तिची मजुरीही या कागदांमुळे फारशी वाढली नाही. पण या साऱ्याचा परिणाम असा झाला, की दशकाच्या अखेरीस प्रा. सुभाष जोशी यांच्यासारखे कार्यकर्ते निपाणीत या स्त्रियांना एकत्र आणू लागले, तेव्हा मागणी काय करायची हे नव्याने शोधावे लागले नाही. “दया करा” असे म्हणण्याऐवजी “कायद्यात आहे ते द्या” असे म्हणता येऊ लागले. ही दोन वाक्ये उच्चारणाऱ्या माणसाच्या पाठीचा कणा वेगळा असतो.

तंबाखूच्या वखारीतील स्त्रियांची स्थिती याहून निराळी होती, आणि एका अर्थी संघटनेला अधिक अनुकूल होती. वखारीत त्या एका छपराखाली बसत. तंबाखू चाळताना, कुटताना उडणारी भुकटी सगळ्यांच्याच नाकातोंडात जाई, खोकला सगळ्यांनाच होई. घरी विडी वळणाऱ्या बाईला आपला खोकला हे आपले नशीब वाटू शकते. वखारीत शंभर जणी एकदम खोकतात तेव्हा त्याला नशीब म्हणणे अवघड जाते. दुःख खाजगी आहे की सामाईक, हे कळण्यासाठी माणसांना एकत्र बसण्याची जागा लागते. मालकाने ती जागा कामासाठी बांधली होती. तिचा असाही उपयोग होईल हे त्याच्या हिशेबात नव्हते. १९८० च्या आगेमागे निपाणीच्या या स्त्रियांची संघटना एवढी बळकट झाली, की असंघटित म्हटल्या जाणाऱ्या कामगारांच्या लढ्यांचा विषय निघाला की देशभर तिचे नाव घेतले जाऊ लागले.

शिक्षणाची गोष्टही अशीच वळणाची आहे. निपाणीला लागून अर्जुननगर आहे. रस्ता तोच, बाजार तोच, पण जमीन महाराष्ट्राच्या कोल्हापूर जिल्ह्यातली. तिथे साठच्या दशकाच्या आरंभी देवचंद महाविद्यालय सुरू झाले. सीमेच्या एका बाजूला राहून दुसऱ्या बाजूला मराठीतून शिकण्याची सोय झाल्यामुळे निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर या पट्ट्यातील शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुले पदवीपर्यंत पोहोचली. महाविद्यालयातून क्रांती होते असे नव्हे; बहुतेक पदवीधर नोकरी शोधतात, आणि ते योग्यच आहे. पण दहा वर्षांत एका बाजारपेठेच्या गावात अर्ज लिहू शकणारी, कायद्याची कलमे वाचून दाखवू शकणारी, भाषण ऐकून ते गावी जाऊन पुन्हा सांगू शकणारी शे-दोनशे माणसे तयार झाली, तर तिथे काही घडण्याची शक्यता बदलते. आधी हे काम करणारा माणूस एकच असे, तो बहुधा व्यापाऱ्याचा मुनीम असे.

जमिनीच्या बाबतीत १ मार्च १९७४ ही तारीख महत्त्वाची आहे. मुख्यमंत्री देवराज अर्स यांच्या कारकिर्दीत त्या दिवसापासून कर्नाटकात कुळांच्या ताब्यातील जमीन सरकारकडे जमा झाली असे कायद्याने ठरले आणि कुळांनी तिच्यावर हक्क सांगण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरायचा होता. अर्जाची सुनावणी तालुक्याच्या भूमी न्यायाधिकरणापुढे होई. जमीन किती जणांना मिळाली, कोणाला नाकारली गेली, यावर वाद आहेत आणि ते रास्त आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र दुसरीच एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या माणसाने मालकाच्या वाड्याच्या पायरीवर कधी बूड टेकले नव्हते, तो माणूस मालकासमोर उभा राहून “ही जमीन मी कसतो” असे अधिकाऱ्यांपुढे सांगू लागला. एकदा असे सांगितलेला माणूस पुन्हा पूर्वीइतका भीत नाही, मग निकाल काहीही लागो.

या भीतीचा हिशेब मांडण्याची एक सोपी पद्धत आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ती १९७८ मध्ये मांडली. प्रत्येक माणसाचा एक उंबरठा असतो, म्हणजे आणखी किती जण सामील झालेले दिसले की तो स्वतः सामील होईल याचा आकडा. समजा, एका गल्लीत तंबाखूचे दहा शेतकरी आहेत. पहिला इतका तापट, की तो एकटाही रस्त्यावर बसेल. दुसऱ्याला एक सोबती हवा, तिसऱ्याला दोन, चौथ्याला तीन, असे करत दहाव्याला नऊ. पहिला बसला की दुसरा बसतो, ते दोघे दिसले की तिसरा, आणि संध्याकाळपर्यंत सारी गल्ली रस्त्यावर. आता याच गल्लीत दुसऱ्याला एकाऐवजी दोन सोबती हवे आहेत अशी कल्पना करा. पहिला दिवसभर एकटाच बसतो, लोक त्याला खुळा म्हणतात आणि रात्री तो घरी जातो. दहा माणसांच्या मनांत फरक पडला तो फक्त एका माणसाच्या आणि तोही एका आकड्याचा. बाहेरून मात्र एक गल्ली पेटलेली आणि दुसरी थंड दिसते. म्हणूनच बाहेरच्याला उठाव नेहमी अचानक झाल्यासारखा वाटतो. मनातले आकडे कोणाला दिसत नाहीत, आणि कित्येकदा शेजाऱ्यालाही नाहीत.

शांत दशक या आकड्यांवर काम करते. तंबाखूच्या शेतकऱ्याचा उंबरठा उंच असण्याचे मुख्य कारण उधारी हे होते. माल विकत घेणारा आणि हंगामाला पैसे देणारा एकच असला, वजनात कडता, म्हणजे घट, धरणाराही तोच असला आणि मालाचे पैसे हप्त्याहप्त्याने देणाराही तोच असला, तर त्याच्याविरुद्ध बसायला माणसाला खूप सोबती हवेत. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यानंतर बँकांच्या शाखा लहान गावांपर्यंत येऊ लागल्या, गावच्या सोसायट्यांचे कर्जवाटप वाढले. सगळे शेतकरी व्यापाऱ्याच्या उधारीतून सुटले असे मुळीच झाले नाही. पण गल्लीतल्या दहांपैकी दोघा-तिघांचा आकडा जरी खाली आला, तरी वर मांडलेल्या हिशेबात ते पुरेसे ठरते.

शेजाऱ्याशी तुलना हाही यातला मोठा भाग असतो. पलीकडे कागल, बिद्रीकडे ऊस लावणारा शेतकरी सहकारी साखर कारखान्याचा सभासद होता. त्याच्या उसाचा दर जाहीर होई, त्या दरावर सभेत भांडता येई. अलीकडचा तंबाखूवाला मात्र व्यापारी सांगेल तो भाव घेऊन घरी येई. दोघेही एकाच आठवडी बाजारात भेटत, एकाच जत्रेला जात, एकमेकांकडे मुली देत. माणूस परिस्थिती सर्वांत वाईट असते तेव्हा उठत नाही. ती थोडी सुधारलेली असते, याहून चांगले शक्य आहे हे शेजारी दिसू लागलेले असते, तेव्हा उठतो. उपाशी माणसाचा दिवस पोट भरण्यातच जातो, हे सांगायला समाजशास्त्र लागत नाही.

मग ठिणगी बाहेरून आली. १९७८ मध्ये चाकणला कांद्याचे आंदोलन झाले होते, नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्यासाठी रस्ते आणि रेल्वे रोखल्या गेल्या, आणि त्याच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांतून निपाणीत रोज वाचल्या जात होत्या. महामार्ग गावातून जात होता. शेतकऱ्याच्या हाती असलेले ते एकमेव असे नाके होते, जे अडवले की मुंबईला आणि बेंगळूरला एकदमच कळे. चार-पाच महिन्यांत निपाणी उठली. शरद जोशींशिवाय हे झाले असते काय? बहुधा नाही. पण तेच शरद जोशी १९७१ मध्ये निपाणीत आले असते, तर सभा चांगली झाली असती आणि लोक तंबाखू घेऊन वखारीत गेले असते, असे या लेखकाचे मत आहे.

याच्या आठ-नऊ महिने आधी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकापलीकडे जे पेटले त्याचीही घडण अशीच होती. सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे मलप्रभेवर धरण झाले आणि सत्तरच्या दशकात कालव्याचे पाणी शेजारच्या धारवाड जिल्ह्यात पसरत गेले. पाणी आले म्हणून जमिनीची किंमत वाढली, तेव्हा सुधारणा कर भरा, असे सरकारने सांगितले. कुठे पाणी नीट पोहोचलेच नव्हते, कुठे जमीन पाण्याने खारावली होती, तरी आकारणी चढत गेली. २१ जुलै १९८० रोजी नरगुंद आणि नवलगुंद येथे गोळीबार झाला आणि त्यातून कर्नाटकातील रयत संघाला जोर मिळाला. मराठी आणि कन्नड शेतकऱ्यांच्या या दोन उठावांचे वर्णन बहुतेक वेळा वेगवेगळ्या पुस्तकांत, वेगवेगळ्या भाषांत येते. पण जिल्हे शेजारशेजारचे होते, सरकार एकच होते, आणि जानेवारी १९८३ मध्ये त्या राज्यात काँग्रेसची सत्ता पहिल्यांदा गेली तेव्हा दोन्हीकडचा राग एकाच मतपेटीत पडला होता.

इथून पुढची साखळी फार कमी लोकांच्या ध्यानात येते. रामकृष्ण हेगडे यांच्या नव्या सरकारने १९८३ मध्येच जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायतींचा कायदा केला आणि त्यात स्त्रियांसाठी पंचवीस टक्के जागा राखल्या. निवडणुका जानेवारी १९८७ मध्ये झाल्या. देशाच्या घटनेत पंचायतींसाठी एकतृतीयांश जागांची तरतूद येण्याच्या पाच-सहा वर्षे आधी बेळगाव जिल्ह्याच्या गावांत शेकडो बायका खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांपैकी कित्येकींच्या मागे त्यांचे पती उभे राहून सह्या कुठे करायच्या ते दाखवीत, अशी त्या वेळी टिंगल होई, आणि ती पूर्णपणे खोटी नव्हती. तरीही बैठकीची नोटीस बाईच्या नावाने घरी येऊ लागली. म्हणजे एका गोंगाटाच्या पोटी पुन्हा एक गप्प दशक सुरू झाले होते.

आता त्या कटू उदाहरणाकडे येऊ. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची चाल या भागात जुनी. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे १९३४ चा मुंबई सरकारचा देवदासी संरक्षण कायदा इथे लागू होता. कायदा होता आणि चालही होती. १९३४ पासून जवळजवळ अर्धे शतक ही दोन्ही एकमेकांना फारसा धक्का न लावता शेजारी शेजारी नांदली. हाही शांत काळच होता, पण त्यात काही तयार होत नव्हते, कारण ज्या स्त्रियांसाठी कायदा होता त्यांच्या हाती त्यात काहीच नव्हते. त्यांना एकत्र बसायला जागा नव्हती, पैसा नव्हता आणि त्यांच्या बाजूने बोलणारे बहुतेक लोक त्यांच्याबद्दल बोलत होते, त्यांच्याशी नाही. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासी परिषद झाली तेव्हापासून त्यात फरक पडू लागला. १९८२ मध्ये कर्नाटकाने नवा कायदा केला. आणि मग नव्वदच्या दशकात, कोणत्याही मोर्चाची बातमी न होता, घटप्रभा, गोकाक, अथणी या भागात या स्त्रियांचे बचत गट तयार होऊ लागले.

बचत गट हा शब्द आता इतका सरावाचा झाला आहे, की त्यातले काम दिसेनासे होते. आठवड्याला दहा-वीस रुपये, एक वही, एक पेटी आणि पेटीची किल्ली एकीकडे असली तर वही दुसरीकडे. कोणाला कर्ज द्यायचे यावर भांडण होते, भांडणातून नियम तयार होतात, आणि नियम मोडणाऱ्या बाईला सर्वांसमोर जाब द्यावा लागतो. कर्नाटकात या पद्धतीची सुरुवात ऐंशीच्या दशकात झाली, आणि १९९२ मध्ये नाबार्डने ती बँकांशी जोडली. देवदासी स्त्रियांच्या अशाच गटांतून १९९७ मध्ये ‘मास’ ही त्यांची स्वतःची संस्था उभी राहिली, आणि स्वतः देवदासी म्हणून सोडल्या गेलेल्या सीतव्वा जोडट्टी तिच्या प्रमुख कार्यकर्त्या झाल्या. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा सीमाभागातील वर्तमानपत्रांनी आनंदाने त्यांचे फोटो छापले. त्या फोटोच्या मागे वीस-पंचवीस वर्षांच्या वह्या होत्या. कायद्याने अर्धशतकात जे झाले नाही ते वह्यांनी केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वह्यांनाही कायद्याचा आधार लागला. परंतु दोन शांत काळांत फरक कसा ओळखायचा, याचे उत्तर या दोहोंच्या तुलनेत आहे. पहिल्यात स्त्रिया कोणाच्या तरी कागदावरचा विषय होत्या, दुसऱ्यात कागद त्यांच्या हाती होता.

या साऱ्या विवेचनात एक धोका आहे. उठाव झाला, की मागे वळून त्याची पूर्वतयारी शोधणे सोपे असते, कारण शोधणाऱ्याला शेवट माहीत असतो. महाविद्यालय निघालेली, बँक आलेली आणि महामार्गालगतची कित्येक गावे १९८१ मध्ये शांत राहिली. निपाणीची मिळकतही कायमची ठरली नाही: विडीचा धंदा उतरणीला लागला, तंबाखूच्या शिवारात उसाचे क्षेत्र वाढत गेले, आणि आंदोलनाच्या मागण्या ज्या पिकासाठी होत्या त्या पिकाचेच महत्त्व घटले. तेव्हा शांत दशकातून बदल होतोच, असे म्हणता येत नाही. बदल शक्य होतो एवढेच म्हणता येते. तो होण्यासाठी ठिणगी लागते, नेता लागतो, कधी कधी केवळ पाऊस वेळेवर न येणेही लागते. इतिहासकाराने एवढी कबुली दिली, तर त्याच्या बाकीच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

सध्याचा काळ बेळगाव जिल्ह्यात कसा आहे, असे कोणी विचारले तर बहुतेक जण शांत असे म्हणतील, हिवाळ्यात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते ते दिवस सोडून. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राज्य परिवहनाच्या साध्या बसमधून स्त्रियांना राज्याच्या हद्दीत मोफत प्रवास आहे, आणि त्याच वर्षीच्या मार्चपासून महाराष्ट्रातल्या एसटीत त्यांना निम्मे भाडे आहे. सकाळी निपाणीहून चिक्कोडीकडे आणि बेळगावकडे जाणाऱ्या गाड्यांत आता बायकांची गर्दी अधिक असते: कोणी भाजी घेऊन, कोणी दवाखान्याला, कोणी माहेरी, कोणी कपड्यांच्या कारखान्यात कामाला. आधार कार्ड दाखवले की कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो. पुरुष प्रवासी कुरकुरतात, जागा मिळत नाही म्हणतात, कधी भांडणही होते. कोल्हापूरच्या बाजूला जायचे असेल तर कोगनोळीच्या नाक्यापर्यंत एक तिकीट आणि पुढे दुसरे, असा हिशेब त्या एकमेकींना समजावून सांगतात, आणि पलीकडे उतरलेली एखादी बाई हातातले दोन्ही कागद नीट घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवते.